‘विथ’ : विरोधाकडून सहवासाकडे – एका इंग्रजी शब्दयोगी अव्ययाची अर्थचिकित्सा

गोषवारा :
इंग्रजीतील ‘विथ’ या शब्दयोगी अव्ययाचा मूळ अर्थ, त्याचे अर्थांतर व आजचे उपयोजन यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. मराठीतील ‘ने’, ‘शी’, ‘सह’, ‘बरोबर’ व अहिराणीतील ‘संगे’ यांच्याशी त्याची तुलना करून खानदेशातील इंग्रजीच्या अध्यापनात एकास एक प्रतिशब्द देण्याची जी पद्धत रूढ आहे, तिच्या मर्यादा दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रस्तावना :
महाराष्ट्रात इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय सन 2000 मध्ये सुरू झाला. तरीही पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत सर्वाधिक तांबडी शाई आजही शब्दयोगी अव्ययांवरच खर्ची पडते, असा जळगाव व धुळे जिल्ह्यांतील बहुतेक अध्यापकांचा अनुभव असावा. ‘माझ्या बहिणीचे त्याच्याशी लग्न झाले’ या वाक्याच्या भाषांतरात विद्यार्थी ‘मॅरीड विथ हिम’ असे लिहितो. आपण ‘विथ’ खोडून ‘टु’ लिहितो आणि पुढील उत्तरपत्रिका हाती घेतो. ‘विथ’ का चुकले, हे आपण सांगत नाही. किंबहुना ते आपल्यालाही कोणी सांगितलेले नसते. ही चूक अज्ञानातून होते की मातृभाषेच्या तर्कशुद्ध उपयोजनातून, हा प्रस्तुत लेखामागील मुख्य प्रश्न आहे.

‘विथ’चे मूळ :
‘विथ’ म्हणजे ‘बरोबर’, असे आपण पाचवी-सहावीपासून शिकत आलो. परंतु प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा प्रधान अर्थ ‘विरुद्ध’, ‘समोर’ असा होता. सहवासाचा अर्थ त्या काळी ‘मिड’ हा वेगळा शब्द वाहत असे. जर्मन भाषेतील ‘मिट’ हा त्याचाच भाऊबंद होय. मध्ययुगीन इंग्रजीत ‘विथ’ने हळूहळू ‘मिड’ची जागा घेतली आणि तो शब्द लोप पावला. सुईण या अर्थाच्या ‘मिडवाइफ’ या शब्दात मात्र तो आजही शिल्लक आहे. ‘स्त्रीच्या सोबत असणारी’ असा त्याचा मूळ अर्थ. उलटपक्षी ‘विथस्टँड’ म्हणजे विरोधात टिकून राहणे, ‘विथहोल्ड’ म्हणजे रोखून धरणे आणि ‘विथड्रॉ’ म्हणजे मागे घेणे, या क्रियापदांत ‘विथ’चा जुना अर्थ अवशेषरूपाने उरला आहे.

भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचा संबंध ज्या भारोपीय मूळाशी जोडतात, त्याच मूळातून संस्कृतातील ‘वि’ हा उपसर्ग आला आहे. ‘वियोग’, ‘विभाग’, ‘विरोध’ या शब्दांतील ‘वि’ आणि सहवासवाचक ‘विथ’ हे अशा प्रकारे एकाच कुळातील ठरतात. वियोगाच्या घरात जन्मलेला शब्द संयोगाच्या घरी नांदावा, हे अर्थांतराचे विलक्षण उदाहरण होय.

मराठीतील ‘शी’ आणि ‘बरोबर’ :
हे अर्थांतर मराठी वाचकाला वाटते तितके परके नाही. आपल्या शालेय व्याकरणात तृतीया विभक्तीचे प्रत्यय म्हणून ‘ने’ व ‘शी’ एकत्रच दिले जातात. संस्कृतातही तृतीया साधनासाठी येते आणि ‘सह’च्या योगानेही येते. ‘विथ’नेही साधन व सहवास हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात सामावून घेतले आहेत. याशिवाय ‘शी’ हा प्रत्यय ‘मित्राशी बोलला’, ‘शत्रूशी लढला’ आणि ‘तिच्याशी लग्न केले’ असा स्नेह, वैर व संबंध या तिन्ही ठिकाणी निःशंकपणे चालतो. त्याच्या दृष्टीने दोन पक्ष परस्परांसमोर उभे आहेत, एवढेच महत्त्वाचे असते.

‘बरोबर’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. तेथे ‘बर’ म्हणजे छाती व ‘बराबर’ म्हणजे छातीला छाती भिडवून, अर्थात समसमान. छातीला छाती मित्राचीही भिडते आणि मल्लाचीही. म्हणूनच ‘मी त्याच्याबरोबर गेलो’ आणि ‘माझे त्याच्याबरोबर भांडण झाले’ ही दोन्ही वाक्ये बोलीत सहज येतात. ‘समोरासमोर’ या एकाच कल्पनेतून विरोध व सहवास हे दोन्ही अर्थ फुटतात, हा या तुलनेतून निघणारा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

मात्र मराठीत एक सोय आहे, ती इंग्रजीतील ‘विथ’मध्ये नाही. ‘ते फ्रेंचांशी लढले’ आणि ‘ते फ्रेंचांच्या बाजूने लढले’ हा भेद आपण स्पष्ट करू शकतो. इंग्रजीतील ‘फॉट विथ द फ्रेंच’ हे वाक्य संदर्भावाचून संदिग्धच राहते.

खानदेशातील विद्यार्थी :
आपल्या भागातील अनेक विद्यार्थ्यांच्या घरी अहिराणी बोलली जाते. ग्रिअर्सनने भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खानदेशीची नोंद भिल्ली बोलींसमवेत केली, ती मराठीच्या खंडात केली नाही. ‘मना’, ‘तुना’ ही षष्ठीची आणि ‘मले’, ‘तुले’ ही चतुर्थीची रूपे प्रमाण मराठीहून भिन्न आहेत. ‘मनासंगे चाल’ म्हणणारा विद्यार्थी प्रथम ‘माझ्याबरोबर’ शिकतो आणि त्यानंतर ‘विथ मी’ शिकतो. त्याला दोन उंबरठे ओलांडावे लागतात. आपण मात्र दुसऱ्याच उंबरठ्यावर उभे राहून त्याची परीक्षा घेतो.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी माणसाला इंग्रजीचे दार उघडून दिले, हे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु भाषांतर पद्धतीच्या वर्गातील वापरातून ‘एका शब्दास एक शब्द’ ही सवय दृढ झाली. तिचे परिणाम दुहेरी आहेत. ‘माझ्यावर रागावला’ याचे ‘अँग्री ऑन मी’ होते. तेथे इंग्रजीला ‘विथ’ हवे असते. जेथे मराठीत ‘शी’ आहे त्या ‘मॅरीड’, ‘इक्वल’, ‘लॉयल’ या शब्दांपुढे इंग्रजीला ‘टु’ हवे असते, पण विद्यार्थी ‘विथ’ घालतो. त्याची चूक नियमबद्ध आहे. तो ‘शी’चा नियम प्रामाणिकपणे पाळत असतो.

उलट दिशेनेही हानी होते. ‘निळ्या डोळ्यांची मुलगी’ असे सरळ म्हणण्याऐवजी भाषांतरात ‘निळ्या डोळ्यांसह मुलगी’ अवतरते. ‘थंडीने कुडकुडणे’, ‘पाण्याने भरलेला हंडा’, ‘माझ्याजवळ पैसे नाहीत’, ‘भरिताबरोबर कळण्याची भाकरी’ या सर्व ठिकाणी इंग्रजीत ‘विथ’ येऊ शकते. मराठीने मात्र प्रत्येक नात्याला वेगळा शब्द दिला आहे. अलीकडे हिंदीच्याही प्रभावाने ‘सोबत’ सर्वत्र पसरत असून ‘माझ्या बाबतीत असे घडले’ याऐवजी ‘माझ्यासोबत असे घडले’ हे वाक्य रूढ झाले आहे. ही समृद्धी नव्हे, भेद पुसला जाणे होय.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

1) ‘विथ’चा आजचा सहवासवाचक अर्थ उत्तरकालीन असून विरोध हा त्याचा पूर्वार्थ आहे.

2) ‘शी’ व ‘बरोबर’ यांतही विरोध आणि सहवास एकत्र नांदतात, म्हणून ‘विथ’चे स्पष्टीकरण मराठीतूनच अधिक सुलभपणे देता येते.

3) शब्दयोगी अव्यय सुटे न शिकविता क्रियापद वा विशेषणासह शिकवावे. प्रतिशब्दापेक्षा नाते विचारावे : येथे साधन आहे, सोबत आहे, सामना आहे की कारण?

4) अहिराणीभाषक विद्यार्थ्याच्या ‘संगे’ला वर्गात स्थान द्यावे. ते अडथळा नसून तुलनेचे साधन आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीच्या व्याकरणाचा अभ्यास केला आणि त्यांच्या आयुष्याची अखेर 1926 मध्ये धुळ्यात झाली. एका प्रत्ययात समाजाचा इतिहास वाचण्याची ही परंपरा आपल्या दाराशी आहे. उत्तरपत्रिकेतील एक ‘विथ’ खोडण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या मनात कोणता प्रत्यय होता, एवढे जरी आपण विचारले, तरी त्या परंपरेचे काही अंशी पालन झाले असे म्हणता येईल.