अंतूशेट ऐकताना

पु. ल. देशपांडे यांच्या आवाजातलं ‘अंतू बर्वा’ हे कथन पाठ असलेली माणसं आमच्या नागपूरच्या नंदनवनात कमी नाहीत. जगनाडे चौकातल्या टपरीवर कुणी वीजबिलाचं रडगाणं काढावं आणि शेजारच्या बाकावरून अंतूशेटच्या थाटात, नाकातून, एखादा शेरा यावा, हे इथे नेहमीचं. शेरा मारणाऱ्यानं रत्नागिरी बहुधा पाहिलेलीही नसते. एरवी तो ‘काऊन बे’ करत बोलणारा अस्सल नागपुरी, आणि त्याच्या घरी आमटीपेक्षा सावजी रस्साच जास्त शिजतो. तरी रत्नागिरीच्या मधल्या आळीतल्या त्या म्हाताऱ्याची हेल काढायची पद्धत त्याच्या जिभेवर पक्की बसलेली असते.

अंतूशेट ज्यात भेटतो ते ‘व्यक्ती आणि वल्ली’ पुस्तकरूपानं 1962 मध्ये आलं, पुढे त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. पण अंतूशेटचे खरे भक्त वाचणारे नव्हेत, ऐकणारे. कॅसेटवरून कॅसेट भरून घेतलेली, फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळलेली, मूळ आवाजापेक्षा खरखर जास्त झालेली. अशा प्रती झिजेपर्यंत ऐकलेल्यांना विनोद कधी येणार हे सेकंदासकट ठाऊक असतं, तरी ते दर वेळी हसतात. का हसतात, ते कान लावून ऐकल्याशिवाय कळत नाही.

पहिली गोष्ट दोन आवाजांची. निवेदकाचा आवाज शहरी, सुखवस्तू, किंचित लाघवी. हा सासुरवाडीला आलेला पार्ल्याचा माणूस. बापू हेगिष्ट्यांच्या दुकानात अंतूशेट प्रथम भेटतो तेव्हा पुलं आवाज फारसा चढवत किंवा उतरवत नाहीत. तो घशातून नाकात सरकतो, एवढंच. शब्दांच्या शेपट्या लांबतात, अनुस्वार जरा जास्त घुमतो आणि समोरचा माणूस वकिलांचा जावई आहे हे ओळखण्याच्या साध्या चौकशीत त्याची अख्खी पत काढली जाते. नकलाकार असता तर इथे बोळकं, खोकला, थरथर असं सगळं सामान बाहेर काढलं असतं. पुलं हार्मोनियम वाजवणारे. स्वराला नुसता स्पर्श करून सोडायचा कधी आणि त्यावर ठाण मांडून बसायचं कधी, हे त्यांच्या बोटांत होतं. ते इथे जिभेत उतरलं आहे.

दुसरी गोष्ट गांधीजींच्या जागेची. महात्माजी देशभर फिरले, पण रत्नागिरीच्या वाटेला फारसे गेले नाहीत, यावर अंतूशेटचं स्पष्टीकरण तयार आहे. माणूस धोरणी, असं तो आधी ठरवून टाकतो आणि मग कारणं देतो. तिथे पंचाचं कौतुक होण्यासारखं नाही, कारण सगळेच पंचेवाले. सूत कातण्याचं नाही, कारण जानव्याचं सूत घरोघर निघतंच. आणि उपासाचं तर नाहीच नाही, कारण निम्मं कोकण उपाशी. या तीन पायऱ्यांची रचना बघा. पहिली निव्वळ टवाळी आहे. दुसरीत ब्राह्मणी आळीतला कुजका अभिमान मिसळतो. तिसरीत विनोदाच्या तोंडून दुष्काळ बोलतो, आणि तोही त्याच लयीत, तितक्याच निर्विकारपणे. तिहाईचा तिसरा तुकडा समेवर यावा तसा तो शब्द पडतो. श्रोत्यांचा हशाही नीट ऐका. पहिल्या दोन पायऱ्यांना तो मोकळा आहे, तिसरीलाही मोठाच आहे. पण पुलं तो पुरता विरायची वाट न पाहता पुढे जातात. आपण नेमकं कशाला हसलो, याचा विचार करायला सवड मिळत नाही. तो विचार रात्री अंथरुणावर पडल्यावर येतो.

उद्धटपणा हा गरिबाचा एकमेव परवडणारा दागिना, ही समज अंतूशेटपाशी आहे, आणि म्हणूनच मला तो कधीकधी पंक रॉकवाल्यांच्या गोत्रातला वाटतो. न्यूयॉर्कच्या रामोन्स या बँडचा 1976 सालचा पहिला अल्बम आठवा. चौदा गाणी, तीही अर्ध्या तासाच्या आत; चेहरा मख्ख ठेवून केलेली टिंगल, आणि सजावटीच्या नावानं शून्य. त्या वेळी तो फारसा खपला नाही, पण ज्यांना लागला त्यांना जन्मभरासाठी लागला. फाटक्या जीन्सच्या जागी पंचा घाला, गिटारच्या जागी अनुनासिक हेल. बाकी हिशेब तोच. मोठ्यांना मोठं न म्हणणं, आणि स्वतःची दया तर त्याहून नाही.

दया टाळण्याचं हे कसब दोन ठिकाणी पणाला लागतं. रत्नागिरीत वीज येते, पण अंतूशेटच्या घरी नाही. उजेड पाडून पाहायचं काय, असा त्याचा सवाल: पोपडे आलेल्या भिंती आणि गळकी कौलं? दारिद्र्य काळोखात झाकलेलं बरं. कुठलाही सामान्य कथनकार या वाक्याला ओल आणेल. पुलं ते गांधींच्या चालीवरच म्हणतात, थट्टेच्याच तालात, आणि त्यामुळेच ते लागतं.

दुसरी जागा हापूसची. बायको गेली आणि दारचा आंबा मोहरायचा थांबला, हे अंतूशेट सांगतो. एके काळी त्या झाडानं शेकड्यांनी फळ दिलेलं. इथे पुलंनी काय केलं आहे? जवळजवळ काहीच नाही. नाकातला सूर तोच. फक्त वेग किंचित उतरला आहे आणि वाक्याच्या शेवटी येणारी नेहमीची लांबण गायब आहे. वाक्य तुटक संपतं. इतका वेळ प्रत्येक वाक्याला शेपूट असलेला माणूस एका वाक्याला शेपूट लावत नाही, एवढीच खूण. मी ही जागा परत मागे नेऊन ऐकायला लागलो की घरचे वैतागत. आता त्यांनाही ती कळते. हसत असलेल्या सभागृहाचा आवाज इथे एकदम बसतो. त्या शांततेसाठी आधीची सगळी टवाळी खर्ची घातलेली आहे.

विलायतेला निघालेल्या निवेदकाच्या हाती अंगाऱ्याची पुडी देणारा अंतूशेट मला आवडतो. मात्र कोकणी माणसाला दिलेली फणसाची उपमा, इतकी गाजलेली असूनही, जरा जास्तच पिकलेली वाटते. ती अंतूशेटच्या कानावर गेली असती तर त्यानं तिचीही साल सोलली असती, अशी माझी खात्री आहे. अर्थात हे बोललो की नंदनवनातले अर्धे मित्र भांडायला उठतात, आणि भांडतानाही आवाज नाकातूनच काढतात.

हल्ली या कथनाचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे मोबाईलवर फिरतात. त्यांत आंब्याचा तुकडा फार फिरतो, पाठीमागे बासरी वगैरे लावून. गांधी नाहीत, वीज नाही, हेगिष्ट्यांचं दुकान नाही, नुसतं दुःख. कुणी तो मला पाठवला की उत्तरादाखल मी अख्खं कथन पाठवतो, खाली सूचना लिहून: सुरुवातीपासून ऐकणे, मध्ये थांबवू नये.