मोरांदी यांचें विषयदारिद्र्य

बोलोन्याचे चित्रकार जोर्जो मोरांदी (१८९०–१९६४) यांच्यावर विषयदारिद्र्याचा आक्षेप नेहमीं घेतला जातो. त्याच बाटल्या, तेच पेले, ग्रिझ्झाना गांवच्या त्याच टेकड्या. यापलीकडे त्यांचा कुंचला फारसा गेला नाहीं, हें खरें. अविवाहित राहून तीन बहिणींसह त्यांनीं एकाच शहरांत आयुष्य काढलें, आणि १९३० पासून १९५६ पर्यंत तेथील कलाशाळेंत धातूच्या पत्र्यावर अम्लानें कोरून चित्र छापण्याची विद्या शिकविली.

परंतु विषय थोडे म्हणून आशयही थोडा, हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. कांचेची चकाकी मारण्यासाठीं ते बाटल्यांस रंग फांसीत, त्यांवर धूळ सांचूं देत. वस्तूची अपूर्वाई अशी संपली, कीं नजर दोन आकारांमधील अंतरावर खिळते. एक बाटली बोटभर सरकली तरी सारें चित्र पालटतें. टेकडी व घर यांचाही त्यांनीं असाच विचार केला आहे.

१९२८ मधील आत्मवृत्तपर लेखांत त्यांनीं फॅसिझमवरील श्रद्धा बोलून दाखविली होती. तो डाग झांकण्याचें कारण नाहीं. तथापि त्या राजवटीची गर्जना त्यांच्या चित्रांत कोठेंही ऐकूं येत नाहीं. चित्रांत कथानक शोधणाऱ्या रसिकांनीं त्यांच्यापुढें घटकाभर स्वस्थ उभें राहावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.