बंदरात अडकलेला हाजी

मध्ययुगीन भूमध्य समुद्रातील आरमारी युद्धांवर पुष्कळ लिहिले गेले. त्यातले बहुतेक राजाच्या नाहीतर सेनापतीच्या बाजूने. इब्न जुबैर यांचा ‘रिहला’ हे प्रवासवर्णन या युद्धाकडे मुसाफिराच्या नजरेने पाहते. वाचक ते मक्का-मदिनेच्या वर्णनासाठी हाती घेतात. माझ्या मते त्यातला शेवटचा, सिसिलीचा भाग अधिक मोलाचा आहे.

११८४ च्या डिसेंबरात मेसीनाजवळ त्यांचे जहाज फुटले. सिसिलीचा नॉर्मन राजा दुसरा विल्यम किनाऱ्यावर आला. होडीवाल्यांना द्यायला पैसे नसलेल्या गरीब मुसलमानांचे भाडे त्याने भरले. त्याच मेसीनात इब्न जुबैर राजाचा जहाजांचा कारखाना पाहतात. त्याचे अरबी नाव ‘दार अस्-सिनाआ’. युरोपीय भाषांतला ‘आर्सेनल’ यातूनच आला. पुढे त्रापानीत राजाचा हुकूम निघतो: आरमार निघेपर्यंत एकही जहाज सोडायचे नाही. आरमार जाणार कुठे? कोणी अलेक्झांड्रिया म्हणतो, कोणी मायोर्का, कोणी इफ्रिकिया, कोणी कॉन्स्टँटिनोपल. बुडताना वाचवणारा राजा आणि ज्याच्या आरमाराची धास्ती वाटते तो राजा एकच आहे. लेखक दोन्ही गोष्टी लिहितात, एकीसाठी दुसरी पुसत नाहीत. तारीफही करतात आणि त्याच्यापासून अल्लाहची पनाहही मागतात. काहींना ही विसंगती वाटेल. मला तो प्रामाणिकपणा वाटतो.

युद्धेतिहास म्हणून ग्रंथ उणा आहे, हे मान्य करायला हवे. जहाजे ‘अगणित’ म्हणून लेखक मोकळे होतात. ख्रिस्ती शहरांच्या नावापुढे येणारे शाप ही तर त्या काळच्या लेखणीची सवयच. परंतु त्याच शहरांतल्या माणसांचा चांगुलपणाही ते नोंदवतात. त्रापानीत ईदच्या दिवशी मुसलमान ढोल-कर्णे वाजवत नमाजाला जातात आणि ख्रिस्ती लोक ते चालवून घेतात, याचे त्यांना नवल वाटते.

ते आरमार अखेर बायझंटाइन साम्राज्यावर गेले. ऑगस्ट ११८५ मध्ये थेसालोनिकी पडले. तिथल्या लुटीची आणि कत्तलीची हकीगत खुद्द शहराचे आर्चबिशप युस्टाथियस यांनी लिहिली आहे. हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत. एक आरमार सज्ज होत होते त्या बेटावरचा, दुसरा ते पोचले त्या शहरातला. दोघेही लेखक दर्यावर्दी नव्हेत, दोघांच्या धर्मात अंतर. तरी युद्धाची किंमत कोण मोजतो, याचे उत्तर दोघांकडे एकच आहे.

‘रिहला’तला मला अस्वस्थ करणारा प्रसंग मात्र युद्धाचा नाही. त्रापानीतला एक मुसलमान बाप आपली लेक हाजींपैकी एकाच्या हवाली करू पाहतो. तो तिच्याशी निकाह करो वा दुसऱ्या कोणाशी लावून देवो. ती या बेटावरून सुटावी, एवढेच बापाला हवे असते. ढोल वाजवून ईद होते त्याच गावातली ही गोष्ट. राजाची मेहेरबानी म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे त्या बापाने ओळखले होते. ११८९ मध्ये विल्यम वारला आणि पालेर्मोच्या मुसलमानांवर हल्ले झाले; पुढे सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने उरलेल्यांना बेटावरून उचलून इटलीत लुचेरा येथे नेऊन वसवले.

हे सारे घडण्याआधीच इब्न जुबैर लिहून गेले होते. त्यांनी भाकीत केले नाही. समोर दिसले ते न लपवता लिहिले. म्हणूनच त्यांच्या पानांवर विश्वास बसतो.