जागा हा मागचा पडदा नव्हे

मंडळी, आपल्या वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर आठवा. १९२८ साली जमनालाल बजाजांनी ते अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुलं केलं. ते काही नाटक नव्हतं. पण माणसं चालत आत गेली आणि जागेचा अर्थच बदलला. स्थळनिष्ठ प्रयोगाची कसोटी आम्ही इथून घेतो.

मुंबईचा काळा घोडा महोत्सव १९९९ पासून कलावंतांना रस्ता देतो, हे मोठंच काम. पण तिथंही बरेचदा रस्त्यात मंच उभा राहतो आणि रस्ता नुसता मागचा पडदा होतो.

वर्ध्यात कलावंताला मदत करायची, तर मांडवाच्या खर्चावर थांबू नका. बाजारात, कापसाच्या गाड्यांमध्ये महिनाभर वावरायला वेळ द्या, परवानगी द्या. आणि प्रयोगानं अडचणीचा प्रश्न विचारला, तर ती काढून घेऊ नका.