आंग्ल कादंबरींतील रुष्ट बालक

राणी व्हिक्टोरियाच्या कारकीर्दींत (१८३७–१९०१) इंग्लंडांत लहान मुलांविषयींची दृष्टि पालटली व तें कार्य डिकन्सप्रभृति कादंबरीकारांनीं केलें, असें विधान वारंवार आढळतें. सनावळी समोर ठेविली असतां तें जसेंच्या तसें टिकत नाहीं. गिरण्यांतील मुलांच्या कामास मर्यादा घालणारा कायदा १८३३ चा. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ मासिकांतून निघूं लागली ती १८३७ त. जिच्यावर तिचा रोख, ती १८३४ ची कंगालविषयक व्यवस्था पुढें कितीएक दशकें चालूच राहिली. तेव्हां कादंबरीचें श्रेय अन्यत्र शोधिलें पाहिजे.

प्रथम ऑलिव्हरच घेऊं. कंगालांच्या कामघरांत उपासमार सोसून वाढलेला हा मुलगा बोलतो मात्र सभ्य गृहस्थाच्या भाषेंत. बापाच्या मृत्युपत्रांत तर अटच आहे कीं, अज्ञानपणीं मुलानें नांवास काळिमा लाविला नाहीं तरच त्यास वारसा मिळावा! मार खाल्लेल्या मुलाच्या मनाचें काय होतें, हें येथें दिसत नाहीं. तें दिसण्याजोगें पात्र म्हणजे खिसेकापू डॉजर. त्याला ग्रंथकार हंसत हंसत काळ्या पाण्यावर धाडतो. डिकन्स स्वतः १८२४ त, बारा वर्षांचा असतां, बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यांत डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवीत होता. त्याच्या पश्चात् फॉर्स्टरकृत चरित्रानें हें लोकांस कळलें. तो सल ऑलिव्हरमध्यें उतरला नाहीं. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्यें (१८४९–५०) कांहींसा उतरला.

आमच्या मतें खरी पायरी ओलांडली ती शार्लट ब्रॉन्टीनें, १८४७ त, ‘जेन एअर’मध्यें. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेंत सांगावयाचें तर, विश्वनाथानें मानिलेल्या वत्सल रसांत मूल हें आलंबन. भाव असतो तो वडीलधाऱ्यांचा. शाकुंतलांतील सर्वदमन सिंहाच्या छाव्याशीं दांडगाई करतो, पण आपण तो पाहतों दुष्यंताच्या डोळ्यांनीं. जेन ही मात्र क्रोधाचा आश्रय आहे. दहा वर्षांची पोरकी मुलगी मामीच्या घरीं मार खाते, लाल खोलींत कोंडली जाते, आणि अन्याय झाला हा निवाडा स्वतःच देते. १८४८ त ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्यें एलिझाबेथ रिग्बी यांनीं ह्या ग्रंथास अधार्मिक ठरविलें. निर्णय कठोर खरा, पण त्यांना मर्म बरोबर सांपडलें होतें.

कारण असा राग तोंवर पापांत जमा होत असे. शेरवुडबाईंच्या ‘फेअरचाइल्ड फॅमिली’त (१८१८) भांडणाऱ्या मुलांस बाप फांसावर लटकणारें प्रेत दाखवावयास नेतो. पुढें वैद्य आले. क्रायटन-ब्राउन यांनीं १८६० त बालवयांतील मनोविकारांवर निबंध लिहिला. त्यांत मुलांचा कल्पनाविलासहि रोगाच्या पंक्तीस बसला. सॅली शटलवर्थ यांनीं २०१० च्या आपल्या ग्रंथांत कादंबरी व वैद्यक यांची ही देवघेव साक्षेपानें दाखविली आहे. पापाच्या जागीं रोग आला एवढ्यानें मुलाचा लाभच झाला, असें मात्र आम्ही मानीत नाहीं. रोग्याचें गाऱ्हाणें कोण ऐकतो? त्याचें तर लक्षण बनतें.

हार्डीच्या ‘ज्यूड’मध्यें (१८९५) सावत्र भावंडांस मारून स्वतः फांस घेणारा मुलगा आहे. नव्या पिढींत अशीं मुलें निपजूं लागलीं आहेत, हें डॉक्टराचें मत ज्यूड सांगतो. वस्तुतः त्या मुलानें आदल्या रात्रीं स्यूला सरळ विचारिलें होतें कीं, बिऱ्हाड मिळत नाहीं तें आम्हां मुलांमुळेंच ना. आणि तिनें तें नाकारिलें नव्हतें. त्या संभाषणाची दखल डॉक्टराच्या मतांत कोठेंच नाहीं.