न झालेल्या लढतीचा निकाल

जॅक डेम्प्सी आणि हॅरी विल्स समोरासमोर आले असते तर कोण जिंकले असते, हा प्रश्न मुष्टियुद्धाचे शौकीन गेली शंभर वर्षे चघळत आहेत. त्याहून मोलाचा प्रश्न मात्र मागे पडतो: ही लढत झाली का नाही?

'डेम्प्सी घाबरला' हे सोपे उत्तर टिकत नाही. १९२५ साली त्याने विल्सशी लढण्याच्या करारावर सही केली होती. आयोजकाकडून ठरलेली रक्कम न मिळाल्याने बेत फिसकटला. 'पैसा नव्हता' हेही अपुरे आहे. पुढच्याच वर्षी डेम्प्सी-टनी लढतीला फिलाडेल्फियात लाखाहून अधिक प्रेक्षक लोटले. विल्सला डावलल्यामुळेच न्यूयॉर्कच्या नियामक मंडळाने ती लढत आपल्याकडे होऊ दिली नव्हती.

खरे कारण १९१० मध्ये सापडते. रीनो येथे कृष्णवर्णीय जॅक जॉन्सनने जेफ्रीजला हरवले आणि अमेरिकेत वांशिक दंगली उसळल्या. त्या लढतीचा आयोजक टेक्स रिकार्ड हाच पुढे डेम्प्सीच्या मोठ्या लढतींचा सूत्रधार झाला. भीती विल्सच्या ठोशाची नव्हती, त्याच्या संभाव्य विजयाची होती.

१९१५ साली जॉन्सनने गमावलेले अजिंक्यपद पुन्हा कृष्णवर्णीयाकडे, जो लुईकडे, आले ते १९३७ मध्ये. मधल्या बावीस वर्षांच्या विजेत्यांची यादी वाचताना विल्सचे नाव त्यात नाही, एवढ्यावर थांबू नये. त्याला रिंगणात उतरूच दिले नाही, हाही एक निकालच आहे.