थिबा राजा ते नायिरा : युद्धाच्या बातम्यांची रिवायत

परदेशातल्या युद्धाची बातमी कशी शिजते हे जाणून घ्यायला रत्नागिरीकरांना बगदादला जाण्याची गरज नाही. थिबा पॅलेसपर्यंत गेले तरी पुरे. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशावर चढाई केली. निमित्त सागवानाचे. ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेल्याचा ठपका ठेवून मंडालेच्या दरबाराने मुंबई-बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला जबर दंड केला होता. इंग्रजी वर्तमानपत्रांनी मात्र वाचकांपुढे उभा केला तो दारुडा, रक्तपिपासू थिबा. १८७९ मध्ये त्याच्या गादीसाठी राजघराण्यातल्या अनेकांची कत्तल झाली, हे खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण विहारात शिकून धर्मग्रंथांची परीक्षा दिलेला हा तरुण दारूत बुडालेला होता, हे कशावरून? एका खऱ्या गोष्टीच्या आडून बाकीचे खपवले गेले. थिबा १८८६ ते १९१६ येथे नजरकैदेत राहिला, येथेच वारला. लाकडाचा हिशेब बातम्यांतून केव्हाच गळून पडला होता.

दुसरे उदाहरण तर आपल्या घरातलेच. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले, तेव्हा कोकणातल्या मोहल्ल्यांतली कितीतरी माणसे तिथे कामाला होती. अम्मानमार्गे एक लाखाहून अधिक भारतीय विमानांनी परत आणावे लागले. याच काळात, १० ऑक्टोबरला, वॉशिंग्टनमध्ये नायिरा नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीने रडत रडत सांगितले की, इराकी सैनिकांनी इस्पितळातल्या काचपेट्यांतून अर्भके काढून जमिनीवर मरायला टाकली. जगभर ही हकीकत छापली गेली. ती मुलगी अमेरिकेतल्या कुवेती राजदूताची लेक आणि तिची साक्ष बेतणारी हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी, हे जानेवारी १९९२ मध्ये उघड झाले. तोवर युद्ध होऊन गेले होते. सद्दामचे सैन्य कुवेतमध्ये जुलूम करीत होते यात शंका नाही; पण ही साक्ष बनावट होती. साक्षीदार आपल्या मोहल्ल्यात उतरला होता आणि बातमी वॉशिंग्टनहून येत होती!

हदीसच्या विद्वानांनी रिवायत स्वीकारण्याआधी रावी तपासला. तो कोण, कुणाकडून ऐकले, त्या जागी होता का? नायिराच्या बाबतीत एवढे विचारले असते तरी पुरे होते. २००३ मध्ये इराकच्या महासंहारक शस्त्रांबाबतही तेच घडले. न्यूयॉर्क टाइम्सने आपल्या बातम्यांतल्या उणिवा मे २००४ मध्ये मान्य केल्या, बगदाद पडल्यावर वर्षभराने.

मराठी पत्रांचा दोष वेगळा आहे. वृत्तसंस्थेच्या इंग्रजीचे मराठी करताना ‘दोस्त फौजा’ सहज लिहिले जाते. कुणाचे दोस्त? एका बाजूचा ‘हल्ला’, दुसऱ्या बाजूची ‘कारवाई’. भाषांतरात बाजू घेतली जाते आणि भाषांतरकाराला त्याचा पत्ताही नसतो.

आपल्याकडेही सगळे आलबेल नाही. भूकंपाचा जुना फोटो ताज्या बॉम्बहल्ल्याचा म्हणून मोबाईलवर येतो आणि मजलूमांच्या कळवळ्याने पुढे ढकलला जातो. तो खोटा ठरला की गाझातल्या खऱ्या मय्यतीवरही लोक शंका घेतात.

संपादकांकडे आमचे मागणे मोठे नाही. युद्धाच्या बातमीत ती देणारा कोण आणि कुठे बसून देतो, हे छापावे. कुवेत, मस्कत, दोहा येथे रत्नागिरीची माणसे आजही आहेत. त्यांना फोन लावायला फारसा खर्च येत नाही.